मण्यांचे क्रोशाकाम शिकण्यासाठी घेतलेले सामान: काय कामी आले, काय पडून राहिले

मण्यांचे क्रोशाकाम शिकायचे ठरवले तेव्हा मी सर्वांत आधी सुई घेतली, मग त्या सुईला शोभेल असा दोरा घेतला आणि दोन्ही हाती आल्यावर मण्यांकडे वळले. हा क्रम पूर्णपणे उलटा होता, हे कळेपर्यंत दीड महिना गेला आणि उसवलेल्या दोऱ्याचा एक गुंतवळा तेवढा शिल्लक राहिला. या कामात मण्याच्या भोकातून विनासायास जाईल तोच दोरा चालतो आणि तो दोरा ज्या सुईच्या टोकाच्या आकड्यात (हुकात) नेमका बसेल तीच सुई चालते. सामानाची निवड म्हणजे खरे तर त्या भोकाचीच निवड आहे. म्हणून वापरून पाहिलेल्या वस्तूंविषयी मी मणी, दोरा आणि सुई याच क्रमाने लिहिते आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, लागणारे सगळे मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात आणि मग प्रत्येक टाक्याच्या वेळी एकेक मणी सरकवून टाक्यात अडकवायचा असतो. पाच, सहा किंवा आठ मण्यांची फेरी धरून गोल गोल विणत गेले की मण्यांची एक लवचीक दोरी तयार होते आणि तिचे कडे किंवा गळ्यातली माळ करता येते. लोकरीच्या कामात सुई जाड वाटली तर दुसरी घेऊन पुढे जाता येते, पण येथे पाचशे मणी ओवून झाल्यावर दोरा चुकीचा असल्याचे लक्षात आले तर ते सगळे उतरवून पुन्हा ओवण्यावाचून गत्यंतर नसते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या ऑटोमन युद्धकैद्यांनी छावण्यांत बसून याच पद्धतीने मण्यांचे लांबलचक साप विणले आणि त्यांतील कित्येकांच्या पोटावर ‘तुर्की कैदी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे व साल विणलेले आहे. ती अक्षरे विणताना सुचलेली नसणार. ती ओवतानाच मोजून ठेवावी लागली असणार, आणि ओवणीत एक मणी चुकला असता तर अक्षराचा पाय वाकडा झाला असता.

माझी सुरुवात एका तयार संचाने झाली. त्याच्या निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण दोष एकट्या त्याचाच आहे असे मला वाटत नाही. नवशिक्यांसाठी म्हणून मी पाहिलेले इतर संचही याच घडणीचे होते. डबीत एकाच काळ्या रंगाचे बारीक मणी, सैल पिळाचा पांढरा सुती दोरा, २ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई आणि बोटभर आकाराच्या चित्रांचे एक पत्रक होते. काळ्या मण्यांत कोणता मणी चालू फेरीतला आणि कोणता मागच्या फेरीतला, हे दिव्याखाली धरूनही कळत नव्हते. सुई दोऱ्याच्या मानाने इतकी जाड होती की प्रत्येक टाका सैल पडे आणि दोन मण्यांच्या मधून पांढरा दोरा दात विचकल्यासारखा दिसे. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा तिसऱ्या फेरीच्या आसपास नळीऐवजी एक चपटी, पिळवटलेली पट्टी तयार झाली. माझ्या हातातच काही खोट आहे अशी माझी खात्री झाली होती. सामान बदलल्यावर त्याच हातांनी पहिल्याच बैठकीत दोन बोटे लांबीची सरळ दोरी विणली गेली.

आता मण्यांविषयी. बारीक काचमण्यांचे आकारमान ६/०, ८/०, ११/०, १५/० अशा आकड्यांत सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका मणी लहान असतो. ६/० चा मणी साधारण ४ मिलिमीटर, ८/० चा ३, ११/० चा २ आणि १५/० चा दीड मिलिमीटर व्यासाचा असतो. छायाचित्रांत आपल्याला मोह पाडणारी बहुतेक कामे ११/० मध्ये केलेली असतात आणि नवशिका माणूस तेथेच फसतो. शिकण्यासाठी माझा कौल नि:संशय ८/० ला आहे. ६/० चा मणी दिसायला आणि धरायला सोपा असला तरी त्याची दोरी जाड व जरा ओबडधोबड होते आणि ती अंगावर घालावीशी वाटत नाही, त्यामुळे सरावाचा उत्साह टिकत नाही. ८/० मध्ये टाका स्पष्ट दिसतो, भोक जवळपास १ मिलिमीटरचे असल्याने दोऱ्याची निवड मोकळेपणाने करता येते आणि पहिलीच दोरी मनगटावर मिरवण्याजोगी होते.

मियुकी आणि तोहो या जपानच्या हिरोशिमा प्रांतातील दोन्ही उत्पादकांचे ८/० चे गोल मणी मी वापरले आणि त्यांत डावे-उजवे करण्यासारखे मला काही आढळले नाही. मणी एकसारखे असतात, भोके मोठी असतात आणि पाकिटात टाकून द्यावे लागणारे मणी अगदी थोडे निघतात. चेक प्रजासत्ताकातील प्रेसिओसाचे मणी अधिक गोलसर असतात. क्रोशाच्या दोरीत ते फार सुंदर बसतात, आणि हात बसल्यावर मी स्वतः त्यांच्याकडेच वळते. मात्र त्यांची भोके तुलनेने लहान असतात आणि एकाच लडीत जाड-बारीक मणी थोडेफार मिसळलेले असतात, त्यामुळे ओवताना निवड करत बसण्याची तयारी हवी. हे मणी अनेकदा बारा सरांच्या लडीत आधीच ओवलेले मिळतात. अशा सराचा दोरा आपल्या दोऱ्याला बारीक गाठीने जोडून मणी एकदम पलीकडे सरकवता येतात, ही सोय एकरंगी कामात वेळ वाचवते. मियुकीचे डेलिका नावाचे नळकांड्याच्या आकाराचे मणी सुईदोऱ्याने विणलेल्या सपाट पट्टीत विटांसारखे चपखल बसतात, म्हणून येथेही बसतील अशा समजुतीने मी घेतले होते. क्रोशाच्या गोल दोरीत त्यांच्या सरळ कडा बाहेर डोकावतात आणि दोरीचा अंग खरखरीत लागतो. त्या मण्यांत काही खोट नाही, पण या कामाला ते नकोत.

रंगाची झिलई हा खरेदीतला सर्वांत फसवा भाग आहे. धातूसारखी चमक वरून चढवलेल्या मण्यांची चमक घासून जाऊ शकते. क्रोशात तर प्रत्येक मणी विणण्याआधीच दोऱ्यावरून आणि बोटांमधून कितीदा तरी सरकत असतो. माझ्या सोनेरी मण्यांनी विणून होईपर्यंत माझी तर्जनी सोनेरी केली आणि स्वतः करडे झाले. भडक गुलाबी आणि जांभळ्या रंगांत काचेवर रंग चढवलेले मणी पुष्कळ असतात व ते उन्हाने किंवा घामाने फिके पडू शकतात. म्हणून नवा रंग आणला की चारपाच मणी नेलपॉलिश काढण्याच्या द्रावात रात्रभर ठेवते आणि सकाळी पांढऱ्या फडक्यावर घासून पाहते. पारदर्शक मण्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यातून आतला दोरा दिसतो आणि एकाच निळसर मण्याची छटा पांढऱ्या दोऱ्यावर एक व तपकिरी दोऱ्यावर दुसरीच होते. पहिल्या कामासाठी साधे अपारदर्शक, रंग काचेतच मुरलेला असलेले मणी घ्यावेत.

आणि ते सहा रंगांचे घ्यावेत, हे मी आग्रहाने सांगेन. सहा मण्यांची फेरी धरून सहा रंग त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा ओवले तर प्रत्येक नवा मणी आपल्याच रंगाच्या मण्यावर येऊन बसतो. पिवळ्याच्या टाक्यात हिरवा उतरला की तेथल्या तेथे कळते की एक टाका सुटला किंवा दोनदा घेतला गेला. काळ्या मण्यांच्या संचात हीच गोष्ट कळायला मार्ग नव्हता. ८/० चे मणी एका ग्रॅममध्ये साधारण ३८ बसतात. प्रत्येक रंगाचे ५ ग्रॅम घेतले तरी १९० फेऱ्यांची बेगमी होते आणि उसवून पुन्हा विणायलाही पुरते. नेमके किती मणी ओवायचे याचे तयार कोष्टक शोधण्यापेक्षा २ सेंटिमीटर विणून त्यातले मणी मोजावेत आणि हव्या त्या लांबीला गुणावेत, कारण ही संख्या प्रत्येकाच्या हाताच्या ताणावर बदलते.

दोऱ्याकडे वळण्याआधी एक छोटी परीक्षा सांगते. पाकिटातले वीस मणी दोऱ्यात ओवून दोरा उभा धरावा. मणी आपल्या वजनाने खाली घसरत आले तर जोडी जमली. बोटाने ढकलावे लागले तर तो दोरा त्या मण्यांसाठी नाही, मग रंग कितीही आवडलेला असो. या परीक्षेमागे साधे कारण आहे. पाचशे मणी ओवताना दोऱ्याच्या टोकाकडच्या भागावरून पाचशेच्या पाचशे मणी घासत पुढे जातात. भोक घट्ट असेल तर प्रत्येक मणी दोऱ्याचे दोनचार तंतू ओरबाडून नेतो आणि विणायला घेईपर्यंत त्या जागी कापसाची लव उभी राहते. मग सुई दोऱ्यात न अडकता लवेत अडकते. माझ्या एका कामात फक्त एकाच मण्याच्या भोकाची कड फुटलेली होती, पण त्याने वीतभर दोरा सोलून काढला आणि तो मणी जिथे थांबला तिथे पांढऱ्या तंतूंचा चक्क गोंडा जमला होता.

वापरलेल्या दोऱ्यांपैकी शिकण्यासाठी मला सर्वांत बरा वाटला तो पर्ले सुती दोरा, क्रमांक ८. दोऱ्यातही आकडा मोठा तसा दोरा बारीक, म्हणजे ५ क्रमांकाचा जाड, ८ चा मध्यम आणि १२ चा बारीक. डीएमसी या फ्रेंच कंपनीच्या ८ क्रमांकाच्या १० ग्रॅमच्या गुंडीत सुमारे ८० मीटर दोरा असतो आणि तो दोनतीन मनगटी कड्यांना सहज पुरतो. हा दोरा मर्सराइज केलेला असतो. म्हणजे सूत कॉस्टिक सोड्यातून ताण देऊन काढलेले असते, त्यामुळे त्याला चमक व बळकटी येते आणि ते रंगही चांगला धरते. सुती दोऱ्याला स्वतःची पकड असल्याने टाका घातल्यावर तो तिथेच राहतो, आणि हातात ताण यायचा बाकी असताना ही पकडच तारून नेते. त्याचा दोष असा की तो दोनच पदरांचा असल्यामुळे सुईचे टोक पदरांच्या मधून घुसते आणि दोरा फाटतो. टाका ओढताना अर्धाच पदर आला तर पुढे न जाता तो टाका तिथेच उलगडावा, कारण तो अर्धा पदर पुढे मण्याला धरून ठेवत नाही.

पदर फाटण्याचा ज्यांना कंटाळा येतो त्यांनी सहा पदरी घट्ट पिळाचा क्रोशाचा दोरा पाहावा. डीएमसीचा कॉर्डोने स्पेशल हा त्या जातीचा असून तो १० पासून १०० क्रमांकापर्यंत येतो. ८/० च्या मण्यांसाठी मी त्यातला २० क्रमांक वापरला. तो कडक व गोल आहे, त्याचे पदर सुटत नाहीत आणि मणी त्यावरून सुरेख घरंगळतात. पण रंगांची निवड फार तोकडी असल्याने मण्यांच्या मधून डोकावणारा पांढरा किंवा दुधाळ दोरा चालवून घ्यावा लागतो, आणि विणलेली दोरी पर्लेच्या मानाने जरा ताठ होते. मनगटी कड्याला हा ताठपणा उपयोगी पडतो, गळ्यातल्या माळेला मात्र तो नको वाटतो.

नायलॉनच्या पिळाच्या दोऱ्याविषयी माझे मत दुभंगलेले आहे. सी-लॉनचा टेक्स २१० (या मोजणीत मात्र आकडा मोठा तसा दोरा जाड) हा साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीचा दोरा झिजत नाही, लव सोडत नाही, घामापाण्याला दाद देत नाही आणि त्याची टोके उष्णतेने वितळवून बंद करता येतात. त्याचे रंगही पुष्कळ आहेत, आणि तयार वस्तूच्या टिकाऊपणाचा प्रश्न असेल तर मी सुती दोऱ्यापेक्षा तोच घेईन. पण तो निसरडा आहे. डाव्या हाताच्या बोटांतून दोरा सारख्या ताणाने सोडण्याची सवय झालेली नसेल तर मागचा टाका पुढचा घालता घालता सैलावतो आणि शिकणाऱ्याला आपण नेमके कुठे चुकलो ते कळत नाही. दोनतीन दोऱ्या सुतात विणून झाल्यावर मग नायलॉनकडे जावे. मासे पकडण्याच्या गळाचा एकपदरी पारदर्शक तंतू काहीजण सुचवतात. तो मी एकदाच वापरला, त्याच्यात टाका बसतच नाही.

पहिल्या कामाच्या दोऱ्याचा रंग मण्यांशी जुळवू नये, असे म्हटले तर ते विचित्र वाटेल. पण टाके दिसण्यासाठी मण्यांहून वेगळा, मध्यम उजळ रंगाचा दोरा घेतला तर कोणत्या फटीत सुई घालायची हे नजरेला लगेच सापडते. काळा दोरा आणि पांढरा दोरा दोन्ही टाळावेत. काळ्यावर टाका दिसत नाही आणि पांढरा बोटांच्या स्पर्शाने लवकर मळतो.

सुईची निवड एवढे झाल्यावर जवळजवळ आपोआप होते. ८/० चे मणी आणि ८ क्रमांकाचा पर्ले दोरा असेल तर १.२५ किंवा १.५० मिलिमीटरची पोलादी सुई, ११/० आणि १२ क्रमांकाच्या दोऱ्याला ०.९० किंवा १.०० मिलिमीटरची, असे माझ्या हाताचे प्रमाण आहे. सैल विणणाऱ्याने यातली बारीक आणि घट्ट विणणाऱ्याने जाड घ्यावी. सुईवरच्या क्रमांकावर मात्र विसंबू नये. जपानी मोजणीत ० क्रमांक म्हणजे १.७५, २ म्हणजे १.५० आणि ४ म्हणजे १.२५ मिलिमीटर असते, अमेरिकी पोलादी सुयांची मोजणी वेगळी आहे आणि त्यातही एकाच क्रमांकाची जाडी उत्पादकागणिक थोडी बदलते. मिलिमीटरचा आकडा छापलेला असेल तीच सुई घ्यावी.

या बारीक सुयांचा दांडा पेन्सिलीच्या शिसासारखा असतो आणि अर्ध्या तासात अंगठ्याचे पेर ठणकू लागते. ट्यूलिपची एटिमो आणि क्लोव्हरची अमूर या दोन्हींना मऊ मूठ आहे. मला एटिमोचे टोक अधिक पसंत पडले, कारण ते पुरेसे निमुळते असूनही पदरांत घुसत नाही आणि मण्याखालच्या अरुंद जागेत सहज शिरते. अमूरची मूठ थोडी रुंद आहे व मोठ्या पंजाच्या माणसाला ती कदाचित अधिक सुखाची वाटेल. साध्या पोलादी सुईलाच कापडी पट्टी गुंडाळून काम भागवता येते आणि माझी पहिली कामाची सुई तशीच होती. विकत घेण्यापूर्वी सुईच्या टोकाच्या आकड्याच्या आतल्या कडेवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर दोराही अडकणार. ॲल्युमिनियमच्या सुयांविषयी माझी तक्रार धातूबद्दल नसून मापाबद्दल आहे. त्या २ मिलिमीटरपासून पुढेच असतात आणि या कामाला तेवढी जाडी चालत नाही.

ओवण्याच्या सुईबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मधोमध लांब फट असलेली लवचीक सुई किंवा पिळाच्या तारेची सुई, दोन्ही चालतात. दोन्ही नसतील तर दोऱ्याचे टोक तीन बोटे लांबीपर्यंत गोंदात बुडवून वाळवावे आणि तिरके कापावे, त्याचीच सुई होते. वाडगा फिरवून मणी ओवण्याचे भिंगरीसारखे यंत्र एकरंगी कामाला झकास आहे. सहा रंग क्रमाने ओवायचे असतील तर त्याचा काहीच उपयोग नाही, हे मी ते घेतल्यानंतर माझ्या लक्षात आले. ओवून झालेले सगळे मणी कामाजवळ आणू नयेत. वीसपंचवीसच जवळ ठेवावेत आणि बाकीचे दूर सरकवून दोरा रिळावर गुंडाळावा, म्हणजे दोरा कमी घासतो आणि ताणही सारखा राहतो.

ज्यांनी विणायला घेतले आहे त्यांच्यासाठी सामानाशी संबंधित आणखी दोन गोष्टी. लोकरीचे क्रोशे येणाऱ्यांना मुका खांब घालून ही दोरी विणावीशी वाटते आणि तशी ती होतेही, पण ती अधिक मऊ व पोकळ होते. स्लिप स्टिचने, म्हणजे दोरा टाक्यातून सरळ ओढून घेण्याच्या सर्वांत ठेंगण्या टाक्याने, विणलेली दोरी भरीव होते आणि तिच्यात मणी एकमेकांना खेटून बसतात. वर दिलेली सुयांची मापे स्लिप स्टिचसाठी आहेत. दुसरे असे की, चालू फेरीतले मणी खालच्या मण्यांपेक्षा वेगळ्या दिशेला कललेले आणि अस्ताव्यस्त दिसतात. यात दोष दोऱ्याचाही नाही आणि सुईचाही नाही. सुई मण्याखाली घालून तो मणी उजवीकडे लोटला, नवा मणी खाली आणला आणि दोरा जुन्या मण्याच्या अंगावरून घेऊन ओढला की तो जुना मणी वळून आपल्या जागी बसतो. हे पहिल्यांदा घडताना बोटाला एक बारीकशी टिक जाणवते.

ओवणीत एखादा जास्तीचा मणी गेला असेल तर तो काढण्यासाठी दोरा तोडण्याची गरज नाही. भोकात एक जाड सुई दोऱ्याला लागून घालायची, मणी कापडाने झाकायचा, डोळे दुसरीकडे वळवायचे आणि चिमट्याने मणी दाबून फोडायचा. आतल्या सुईमुळे काचेची धार दोऱ्यावर येत नाही. कमी पडलेला मणी मात्र असा घालता येत नाही. तेथे दोरा कापून जोड नळीच्या पोटात लपवावा लागतो. त्या पहिल्या संचातले काळे मणी आता माझ्याकडे अशाच प्रयोगांसाठी आहेत. फोडण्याचा सराव त्यांच्यावर केला आणि आतापर्यंत त्यांतले तीस-चाळीस तरी संपले असतील.